डब्यावरचे किलोमीटर आणि मोटरच्या बोर्डातली लाईन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘झटका मशीन कोणती घ्यावी’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा आधी सांगतो. झटका मशीन म्हणजे जनावरं शेतात येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारा डबा; त्या झटक्याची ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. तुमची बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात चार एकर जमीन, एका कडेला रान. माझा लेख वाचून तुम्ही सोलरची मशीन घेतली. डब्यावर पाच किलोमीटर कुंपणाला पुरेल असं लिहिलेलं आणि तुमचं कुंपण जेमतेम सहाशे मीटर. तरीही दसऱ्यानंतर डुकरांनी एका रात्रीत रताळ्याची अर्धी पट्टी उकरली. तुम्ही लिहिलंय, "तुमच्या ज्यूलच्या हिशेबाने दुकानदाराचं पोट भरलं, माझं शेत उघडंच राहिलं. आमच्याकडे चार जण रात्री मोटरच्या बोर्डातून कुंपणाच्या तारेत थेट लाईन सोडतात. एक रुपया खर्च नाही, एक डुक्कर येत नाही आणि आजपर्यंत कुणाचं काही झालेलं नाही. मग शहाणे कोण?"

मशीनचं मागाहून बोलू. आधी त्या लाईनीचं.

आमच्या भावकीतले एक काका असेच रात्री लाईन सोडायचे. मी तेव्हा नववीत होतो. बांधाच्या कडेने खुंट्या, त्यावर साधी बायंडिंग तार, तिचं टोक मोटरच्या बोर्डात. त्या रात्री करंट गेला. पहाटे काका भाताला पाणी बघायला निघाले. करंट गेलाय हे डोक्यात पक्कं, म्हणून बोर्डाकडे न जाता सरळ बांध ओलांडायला गेले. मधल्या वेळात करंट आला होता. माझे वडील हाक ऐकून धावले, वाळक्या वाशाने बोर्डातून तार उपसली, मग जवळ गेले. काकांच्या हातातली बॅटरी ओल्या सरीत पडली होती आणि तशीच जळत होती. ती विझवायचं कुणाला सुचलं नाही. उजाडल्यावरही ती चालूच होती. त्या रात्रीपर्यंत आमच्या गावातही सगळे हेच म्हणायचे, "कुणाचं काही झालेलं नाही."

आता तुम्हाला प्रश्न पडेल की झटका मशीन तारेत सात-आठ हजार व्होल्ट सोडते, ती चालते, आणि घरची २३० व्होल्टची लाईन मात्र जीव घेते, हे कसं? सगळा फरक वेळेचा आहे. चांगल्या मशीनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, मग साधारण सेकंदभर तार मेलेली असते. त्या सेकंदात माणूस हात काढतो, जनावर मागे सरतं. घरच्या लाईनीत थांबा नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरा. २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर करंट वाहतो आणि दर सेकंदाला ५३ ज्यूल अंगात जातात, तेही न थांबता. कुंपणाच्या मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मानकात रूढ मर्यादा एका झटक्याला ५ ज्यूलची आहे. शिवाय लाईनीचा करंट स्नायू आवळून धरतो, त्यामुळे तार धरलेला हात सुटत नाही. हृदयाचे ठोके बिघडायला याच्या निम्माही करंट पुष्कळ.

अजून एक गोष्ट गावात फार थोड्यांना माहीत असते. माणूस चिकटला की फ्यूज उडेल, असा सगळ्यांचा भरवसा असतो. २३० मिलिअँपिअर म्हणजे जुन्या साठ वॅटच्या बल्बाएवढाही करंट नाही. बल्ब लावला म्हणून फ्यूज उडतो का? मग माणूस चिकटला म्हणून तरी का उडावा?

कायद्याचं दोन ओळींत. अशा लाईनीला डुकराऐवजी गवा किंवा हत्तीही लागू शकतो. गवा आणि हत्ती दोन्ही १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आकडा टाकून वीज घेतली असेल तर २००३च्या वीज कायद्याखाली चोरीचा गुन्हा वेगळा. पण मी तुम्हाला कायद्याची भीती घालत नाही. त्या चार जणांच्या घरी जा, त्यांना आमच्या काकांचं सांगा. तुमच्या पुढच्या हंगामाएवढंच हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता तुमची तक्रार. ती खरी आहे, आणि त्यात माझीही चूक आहे. मी लेखात मशीनवर भरभरून लिहिलं आणि अर्थिंग एका ओळीत उरकलं. वाचणाऱ्याला वाटलं मशीन बरोबर घेतली की झालं. तसं नसतं.

डब्यावरचे किलोमीटर आधी निकालात काढू. तो आकडा एका तारेचा असतो, तीही कोरडी, गवत न लागलेली, अर्थिंग उत्तम असलेली. तुमचं कुंपण सहाशे मीटर, पण चार तारांचं, म्हणजे तार झाली दोन किलोमीटर चारशे मीटर. दसऱ्याच्या सुमाराला आपल्या पश्चिम भागात गवत कमरेला लागतं. खालच्या तारेला टेकलेलं प्रत्येक ओलं पातं थोडा थोडा करंट जमिनीत उतरवतं. एका पात्याने काही होत नाही, पण सहाशे मीटरला किती पाती लागली असतील बघा. लहान मशीनचे व्होल्ट तिथेच खाली बसतात. म्हणून किलोमीटर न बघता ज्यूल बघायचे, आणि तेही आउटपुटचे. दुकानात मोठ्या आवाजात सांगतात तो आकडा बहुतेक वेळा आत साठवलेल्या ज्यूलचा असतो. तारेवर त्यातले साठ-सत्तर टक्के येतात. माझा स्वतःचा ठोकताळा असा: चार तारांच्या एक किलोमीटर कुंपणाला निदान एक ज्यूल आउटपुट, आणि जांबोटी-कणकुंबीसारख्या गवत माजणाऱ्या पट्ट्यात दोन. तुमची मशीन अर्ध्या ज्यूलची असेल, तर सुगीच्या दिवसांत ती कमीच पडणार.

तरीही नवी मशीन आणायला धावू नका. आधी अर्थिंग तपासा.

झटका लागण्यासाठी करंटाला फेरा पुरा करावा लागतो. मशीनमधून तारेत, तारेतून डुकराच्या नाकात, त्याच्या पायांतून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनच्या अर्थिंगच्या टोकाला. कुंपणाची अर्धी तार जमिनीखालून जाते असं समजा. ती अर्धी तारच तुटकी असेल, तर वर पाच ज्यूलची मशीन बसवूनही डुकराला मुंगी चावल्यासारखंच वाटणार.

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला बोलावलं. तक्रार तुमच्यासारखीच. मीटर लावला तर तारेच्या शेवटाला १.८ म्हणजे अठराशे व्होल्ट. रानडुकराला निदान चार हजार हवेत. मशीन खोपीत टिकटिक करत होती. अर्थिंग कुठं आहे म्हणून विचारलं, तर खोपीमागच्या कोरड्या जांभ्यात ठोकलेली बांधकामाची दोन फुटी सळई दाखवली. वरून गंजलेली, तार नुसती गुंडाळलेली. मी हाताने हलवली तर भोकात डुगडुगली.

मग रीतसर तपासणी केली. ती तुम्हालाही करता येईल. मशीन बंद करून खोपीपासून शंभर मीटरवर चार-पाच लोखंडी सळया जमिनीत खोचून तारेला टेकवायच्या, मग मशीन चालू करायची. तारेवरचे व्होल्ट दोन हजारांखाली यायला हवेत, नाही आले तर आणखी सळया टेकवायच्या. आता मीटरचं एक टोक अर्थिंगच्या सळईला आणि दुसरं मीटरभर लांब मातीत खोचायचं. तिथे तीनशे व्होल्टांपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग अपुरं. त्या शेतात नऊशे दिसले. मीटर मात्र कुंपणाचाच हवा. वायरमनकडचा साधा मीटर लावलात तर तो जळतो.

खोपीपासून वीस पावलांवर पाटाची ओल होती. तिथे सहा फुटी तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप ठोकले, प्रत्येकात दहा-दहा फुटांचं अंतर ठेवून. तिन्हींना एकाच अखंड तारेने क्लॅम्प लावून जोडलं. तास-दीड तासाचं काम. खालच्या तारेचं गवत त्याच्या मुलाने विळ्याने काढलं. मशीन तीच, बॅटरी तीच, आणि तारेच्या शेवटाला ५.६. पाइप ठोकताना एकच सांभाळा: घराच्या किंवा मोटरच्या अर्थिंगपासून निदान दहा मीटर लांब राहा, नाहीतर झटके तिथून घरच्या वायरिंगमध्ये शिरतात.

जांभ्याचं आणखी एक दुखणं आहे. शिमग्यापर्यंत तो इतका सुकतो की चार पाइप ठोकूनही फेरा पुरा होत नाही. निपाणीकडे काळ्या रानात ओल टिकते, त्यामुळे तिकडचा अनुभव आपल्याला लागू पडत नाही. आपल्याकडे एक तार गरम, म्हणजे झटका असलेली, आणि तिच्या शेजारची अर्थिंगला जोडलेली, अशा आलटून पालटून ओढाव्या लागतात. मग जनावर दोन तारांच्या मधे घुसलं की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो.

आता बॅटरी. तुमच्या प्रतिक्रियेत ती नाही, पण मला तिचाही संशय आहे. बॅटरीत किती वीज मावते ते अँपिअर-तासांत मोजतात. स्वस्त मशीनच्या डब्यात बहुतेक ७-८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. मशीन अडीचशे मिलिअँपिअर ओढत असेल, तर बारा तासांच्या एका रात्रीला ३ अँपिअर-तास लागतात. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलात तर ती लवकर मरते. म्हणजे तुमच्याकडे धड दीड रात्रीची शिदोरी नाही. कणकुंबीच्या पावसात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मशीन टिकटिकते, हिरवा दिवा लागतो, आपण निवांत झोपतो आणि तारेत जीव नसतो. आपल्या भागात ४० अँपिअर-तासांखालची बॅटरी मी सांगणार नाही. लाईटवर चालणारी मशीन हा पर्याय गावालगतच्या शेताला ठीक. शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर, म्हणजे फीडरवर, थ्री-फेज दिवसाला सात तास, त्यांच्याही वेळा बदलत्या. डुक्कर त्या वेळा बघून येत नाही.

तारांच्या उंचीचं थोडक्यात. डुक्कर नाकाने तपासत येतं आणि झटका ओल्या नाकावरच लागू पडतो, पाठीच्या राठ केसांवर नाही. म्हणून पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी गुडघ्याजवळ. डोकं आत गेल्यावर झटका बसला, तर ते मागे न फिरता पुढे शेतातच उधळतं. गव्यासाठी वरच्या दोन तारा कमरेला आणि छातीला. काटेरी तारेत झटका कधीच सोडू नका, अंग अडकलं की सुटता येत नाही. शेजाऱ्याचं दुसऱ्या मशीनवरचं कुंपण असेल, तर मधे अडीच मीटर जागा सोडा. दोन्ही तारांना एकदम हात लागला, तर मधला तो सेकंदभराचा थांबा उरत नाही. वाटेच्या कडेला पिवळी पाटी लावाच, शाळेची पोरं तिथूनच जातात.

रान लागून असलेल्यांना एक कळकळीची विनंती. खवले मांजर घाबरलं की अंगाचं वेटोळं करतं. तार लागली की ते तारेभोवतीच वेटोळं घालतं, मग सुटका नाही, झटक्यामागून झटका बसत राहतो. दक्षिण आफ्रिकेत या प्राण्याचे असे पुष्कळ बळी गेले आहेत. आपल्या सह्याद्रीतही ते आहे. पीक निघालं की निदान सर्वांत खालची तार मशीनपासून सोडवा. मोकळ्या शेताची राखण कुणापासून करायची?

हत्तीचं गणित मी या मशीनमध्ये बसवणार नाही. दांडेलीकडून खानापूर, पुढे चंदगड-तिलारी असा त्यांचा वावर आता जुना झाला आहे. हत्तीला कळतं की सुळ्याला झटका बसत नाही. तो सुळ्याने तार तोडतो, नाहीतर झाड ढकलून कुंपणावर पाडतो. दक्षिण कर्नाटकात त्यावर लटकत्या तारांचं सौर कुंपण करतात, त्यात सुळ्याने पकडायला आडवी तार नसते. ते एकट्याच्या चार एकराचं काम नव्हे. सगळ्या शिवाराने मिळून वनखात्याकडे मागायचं ते काम आहे, आणि तेही त्यांची वाट मोकळी ठेवून. खानापूरच्या रानातल्या भीमगडला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण त्याच रानातल्या आमगाव-गवाळी या गावांच्या लोकांची पिकाची राखण त्याआधीही होती आणि आजही आहे. त्यांच्या माळ्यांवर रात्र काढलेल्या माणसाला ‘जनावरांवर दया करा’ एवढंच सांगून उठून जाणं मला जमत नाही.

तर दादा, नवीन काही विकत घेण्याआधी चार आकडे मला कळवा. मशीनवर आउटपुट ज्यूल किती लिहिलेत. मशीनजवळ आणि तारेच्या शेवटाला मीटर काय दाखवतो. वर सांगितलेल्या तपासणीत अर्थिंगच्या सळईवर किती व्होल्ट येतात. आणि बॅटरी किती अँपिअर-तासांची. मीटर नसेल तर माझा आहे. रविवारी मी खानापूरला येतोच, तिथून जांबोटीला येईन. सहा फुटी तीन पाइप आणि एक घण तेवढा तयार ठेवा, आणि जमलं तर त्या चौघांपैकी एखाद्याला बोलावून घ्या.