काका, मीठ कुणाचं खाल्लं ते मला ठाऊक आहे

आज सकाळी आमच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर युक्रेनमधल्या खारकीवचा एक फोटो आला. सालतिव्का भागातली उंच इमारत, रशियाच्या माऱ्यात मधला जिना वरपासून खालपर्यंत कोसळलेला. खाली एका काकांनी लिहिलं होतं, "दहशतवाद्यांचे अड्डे असेच उडवायचे असतात." हे काका म्हणजे बाबांचे लाल बावट्यातले सोबती, मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखणारे. मी लिहिलं, काका, तिथे माणसं राहतात हो, माझ्या वर्गातल्या मुली राहायच्या. त्यावर उत्तर: "पोरी, ज्यांच्या पैशावर डॉक्टर झालीस त्यांच्या मिठाला तरी जाग." आणि पटापट अंगठे. त्यातला एक अंगठा अशा गृहस्थांचा, जे एरवी काकांना उठताबसता देशद्रोही ठरवतात. पुतिन म्हटलं की दोघांचं गूळपीठ!

दवाखाना उघडायचा होता म्हणून तेव्हा गप्प बसले. आता बसवत नाही.

मीठ खाल्लंय, नाकारतंय कोण? १९८३ साल. गिरणीचा संप फसलेला, बाबा घरी, आई पापड लाटायला जायची, आणि मी इस्कसच्या, म्हणजे भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संघटनेच्या, शिष्यवृत्तीवर लालबागच्या चाळीतून थेट तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या खारकीवला. आधी वर्षभर रशियन भाषा, मग वैद्यकीय. फी शून्य. मेट्रो पाच कोपेक. बाहेर उणे वीस, आणि खोलीतला रेडिएटर इतका तापायचा की आम्ही खिडकी किलकिली ठेवून झोपायचो. ऑपेरा मी तिथे पहिल्यांदा पाहिला, तोही खिशाला परवडणाऱ्या तिकिटात. त्या देशात फक्त तुरुंग होते असं जे म्हणतात त्यांच्याशीही माझं भांडण आहे, ते पुन्हा कधीतरी.

पण रांगाही होत्या. प्रत्येकाजवळ जाळीची पिशवी. रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं काय मिळतंय ते. आम्हा परदेशी मुलांना दुसऱ्या शहरात जायला परवानगी लागायची. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलला स्फोट झाला, टीव्हीवर २८ तारखेच्या रात्री जेमतेम चार ओळी सांगितल्या, आणि १ मेला कीव्हच्या रस्त्यावर शाळकरी मुलांसकट संचलन निघालं. डॉक्टरकी शिकत होतो आम्ही! आम्हालासुद्धा धड काही सांगितलं नाही.

होस्टेलच्या दाराशी दिझुर्नाया बसायची. वॉचमन, रेक्टर आणि आजी, सगळं एकाच बाईत. उशीर झाला की शिव्या घालायची, ताप आला की रासबेरीचा मुरांबा घालून चहा आणून द्यायची. तिचा मुलगा अफगाणिस्तानात होता. एका रात्री मला हळूच विचारते, "तू तिकडचीच ना? काबूलला थंडी किती असते?" मी लालबागची, मला काबूलचं काय माहीत? पण तिला विचारायला दुसरं कोणी नव्हतं. पेपरात यायचं, आपली मुलं तिकडे शाळा बांधतात, झाडं लावतात. मुलगाही पत्रात तेच लिहायचा, आई, आम्ही झाडं लावतोय. मग एक दिवस जस्ताची शवपेटी आली. झाळून बंद केलेली. उघडू दिली नाही. दगडावर अफगाणिस्तान असं कोरूही दिलं नाही.

त्या सुट्टीत घरी आले तेव्हा हे मी बाबांना सांगितलं. काका, तुम्हीही होतात खोलीत, आठवतंय? तुम्ही म्हणालात, तिथले लुटारू अमेरिकेच्या पैशावर नाचतायत, लाल सैन्य बोलावल्यावर गेलंय. बाबा म्हणाले, एका बाईच्या दुःखावरून इतिहास ठरत नाही. नसेल ठरत. डिसेंबर १९८९ मध्ये मॉस्कोतल्याच लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने सांगितलं की सैन्य पाठवणं चूक होतं. तोवर जवळपास पंधरा हजार सोव्हिएत सैनिक गेले होते, आणि अफगाण तर लाखांनी. तुमच्याकडून त्यावर चकार शब्द नाही. ना तेव्हा, ना आज.

आणि दहशतवाद मला शिकवू नका. १९९३ च्या स्फोटांच्या दिवशी मी परळच्या एका रुग्णालयात ड्यूटीवर होते. काय काय स्ट्रेचरवरून आलं ते इथे लिहीत नाही. २००४ मध्ये रशियातल्या बेस्लानच्या शाळेत तीनशेहून जास्त जीव गेले, निम्म्याहून अधिक लहान मुलं. ती शाळा ओलीस धरणारे राक्षस होते, त्यात माझं दुमत नाही. पण सालतिव्कात चौथ्या मजल्यावर बटाटे सोलणारी बाई त्यात कशी बसते, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

हो, डिसेंबर २०२३ मध्ये रशियातल्या बेल्गोरोदवर युक्रेनच्या बाजूने मारा झाला, वीसहून जास्त माणसं गेली, तीही साधीच माणसं. हो, इराकबद्दल अमेरिका धडधडीत खोटं बोलली. मान्य. मग?

१ मार्च २०२२ ला खारकीवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मेला, खायला आणायला बाहेर पडला होता. वैद्यकीयचाच. माझ्यासारखाच. तेव्हा याच ग्रुपवर चर्चा कसली, तर मुलं तिकडे शिकायला जातातच कशाला!

त्याच वर्षी सप्टेंबरात मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बाबा असते तर रडले असते. पण त्याच महिन्यात, त्याच शहरात, सैन्यभरतीच्या विरोधात रस्त्यावर आलेल्या पोरांना पोलीस उचलून नेत होते. सैन्याबद्दल सरकारी माहितीपेक्षा वेगळं बोललं तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग, असा कायदा झालेला. आणि टीव्हीवर काय, तर युक्रेनकडून घेतलेल्या मारिउपोलमध्ये नव्या इमारती बांधतोय. झाडं लावणं चालूच आहे.

मिठाचं म्हणाल तर काका, ते माझ्या ताटात कोणी वाढलं? माझं रशियन मोडकं म्हणून रात्र रात्र बसून नोट्स समजावणाऱ्या वर्गमैत्रिणींनी. माझ्या मोडक्या उच्चारांवर न हसणाऱ्या म्हाताऱ्या शिक्षिकेने. तिथल्या ट्रॅक्टर कारखान्यात घाम गाळणाऱ्यांनी. ड्यूटी संपल्यावर मुरांबा आणणाऱ्या त्या बाईने. क्रेमलिनमधलं कोणी माझ्यासाठी चहा घेऊन आलं नव्हतं.

एक मैत्रीण अजून तिथल्याच रुग्णालयात काम करते. तिचा सख्खा भाऊ बेल्गोरोदला, युद्धाआधी गाडीने दोन तासांवर. दोघं बोलत नाहीत. भाऊ तिला काय म्हणतो ते आज सकाळी काकांनी लिहिलंच आहे.

ग्रुप मी सोडणार नाही, कोणी आशेवर राहू नका. आणि काका, रविवारी गुडघा दाखवायला नेहमीसारखे या. फी घेणार नाही, चहा करीन. फक्त बीपीची गोळी घेऊन या, कारण भांडण होणार आहे.