७.१ चा हेडसेट आणि आपले दोन कान

परवापासून आमच्या चार ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. म्हणे पीसी गेमिंगचा खरा फील पाहिजे तर ७.१ वालाच हेडसेट (म्हणजे चारी बाजूंचे सात स्पीकर आणि एक बेसचा, असा आवाज देणारा) घ्या, साध्या स्टीरिओत मागून आलेला गडी कळतच नाही, ड्रायव्हर, म्हणजे हेडसेटच्या आतला स्पीकर, ५० एमएमच्या खाली नको, पीसीत आवाजाचं काम करणारं साउंड कार्ड वेगळं पाहिजेच, आणि वायरची कटकट नको असेल तर ब्लूटूथ घ्या, आजकाल सेमच आहे. खाली 'गेमर भावांना पाठवा'. अमळनेरचा माझा मामेभाऊ ते वाचून पैसे घेऊन जळगावला गोलाणी मार्केटात यायला निघाला होता, त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

आधी ते ७.१. काय भो, कान किती आहेत आपल्याला? उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की रेल्वेचा भोंगा भुसावळकडून आला का पाचोऱ्याकडून ते डोळे मिटून पण कळतं ना, तिथे कोण सात स्पीकर लावून ठेवतं? आवाज एका कानात आधी पोचतो, दुसऱ्यात जरासा उशिरा, हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा पण कमी असतो तरी मेंदू तो पकडतो, शिवाय मध्ये डोकं आडवं आल्यामुळे पलीकडच्या कानात आवाज दबतो, आणि पुढचा का मागचा, वरचा का खालचा हे बाहेरच्या कानाच्या ज्या वळ्या असतात त्यांच्यावर आपटून आवाजाचा पोत बदलतो त्यावरून समजतं. हेच गणित सॉफ्टवेअरमध्ये बसवलं की त्याला एचआरटीएफ म्हणतात. बाजारातले बहुतेक ७.१ हेडसेट नेमकं तेवढंच करतात, आत ड्रायव्हर दोनच, बाकीचे खोक्यावर छापलेले.

खरोखर जास्त ड्रायव्हरवाले पण निघाले होते, रेझरच्या टियामॅट ७.१ मध्ये एका कानाला पाच असे दहा होते. पण सगळे कानाला चिकटून, त्यात पुढचा स्पीकर आणि मागचा स्पीकर असं अंतर राहणार किती?

बरं, हे गणित आता गेममध्येच असतं. व्हॅलोरंट या शूटिंग गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ आहे, चालू करा, झालं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून हेच काम करणारं विंडोज सोनिक फुकट मिळतंय, ज्या गेममध्ये स्वतःचं काही नाही तिथे ते लावून बघा. फक्त दोन्ही एकदम लावू नका, आणि इथेच लोक फसतात. माझ्या पहिल्या हेडसेटच्या वायरवर ७.१ चं बटण होतं, ते दाबलं की सगळं विहिरीत बोलल्यासारखं घुमायचं, मी म्हटलं हाच तो भारी साउंड, आणि सहा महिने गेममध्ये पण एचआरटीएफ आणि वरून हे बटण पण चालू, पावलं डावीकडून येतायत का मागून काही पत्ता लागायचा नाही आणि मी आपलंच डोकं चालत नाही असं समजून बसलो. एक दिवस बटण चुकून बंद राहिलं तेव्हा कळलं.

एक मात्र खरं, हे एचआरटीएफ सहसा सरासरी कानांवरून बनवलेलं असतं, तुमच्या कानाला बसेलच असं नाही. नाही जमलं तर साध्या स्टीरिओवर खेळा, कमीपणा काही नाही. आणि निवांत स्टोरीवाल्या गेममध्ये कोणाला ते घुमणं आवडत असेल तर खुशाल वापरा, तिथे पावलं कोणाला मोजायचीत.

५० एमएम ड्रायव्हरचं जास्त बोलत नाही. दहा एमएमचे इअरफोन कानात नीट बसले की बेस दणकून येतो, कारण हवा बाहेर जात नाही. मोठा हेडसेट घातला आणि चष्म्याच्या काडीने फट राहिली की तोच बेस गायब. मोजायचंच असेल तर कुशन डोक्याला कसं बसतं ते बघा.

साउंड कार्डचं म्हणणं एके काळी बरोबर होतं. १९९८ ला साउंड ब्लास्टर लाइव्ह आलं तेव्हा गेममधला घुमारा, पडसाद ते कार्डच करायचं, पण २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि मायक्रोसॉफ्टने डायरेक्टसाउंडचा (गेमचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारा विंडोजचा भाग) तो हार्डवेअरचा रस्ताच बंद केला, तेव्हापासून हे काम प्रोसेसर करतोय आणि त्याला ते जड पण नाही. ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) हेडसेट मदरबोर्डवर आरामात चालतो, २५० ओहमवाला स्टुडिओ हेडफोन घेतला तर मात्र अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारा डबा, लागेल. आणि घूंऽऽ आवाज येत असेल तर पहिले पिन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागे लावा, मग घरातली अर्थिंग तपासा. आपल्याकडे बऱ्याच जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. तरी नाही गेला तर छोटा यूएसबी डॅक (पीसीतला डिजिटल आवाज हेडसेटला ऐकू येईल असा करणारा तुकडा) घ्या, पूर्ण कार्ड कशाला.

ब्लूटूथ सेम नाही. साध्या कोडेकवर (आवाज दाबून पाठवायची पद्धत) दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे गोळी लागते आधी आणि ऐकू येते नंतर. वरून हेडसेटचा माइक चालू केला की सहसा आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, होऊन जुन्या फोनसारखा येतो, मग दिशा गेली खड्ड्यात. वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाला बघा, त्यात हा त्रास जवळपास नाही.

आता मेसेजमध्ये जे नव्हतंच ते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यात रेक्झिनची कुशनं म्हणजे कानाला शेकोटी, घाम मुरून दीड वर्षात त्याची काळी सालटं गालाला चिकटतात. कापडी कुशन घ्या. ओपन-बॅकमध्ये, म्हणजे ज्याची मागची बाजू जाळीची उघडी असते त्यात, आवाज मोकळा वाटतो, जागा मोठी असल्यासारखी, इमर्शन म्हणतात ते मला तरी सगळ्यात जास्त तिथेच सापडलं, पण खोलीत कूलर चालू असला की पावलांऐवजी कूलरच ऐकू येतो. म्हणून मी दिवाळी ते होळी ओपन-बॅक वापरतो आणि उन्हाळ्यात क्लोज्ड, म्हणजे मागून बंद. मामेभावाची खोली पत्र्याची आहे, कूलर अगदी टेबलाशेजारी, त्याला क्लोज्ड, कापडी कुशनचा, साधा स्टीरिओ घ्यायला लावला. माइकचा प्रश्न अजून सुटला नाहीये, काल टीममधला पुण्याचा पोरगा त्याला विचारत होता, भावा तू पिठाच्या गिरणीत बसून खेळतो का?