टेंडर निघाल्यावर सल्ला कसला मागता?

आधी आमच्या प्रभागातल्या महापालिकेच्या बागेत पेव्हर ब्लॉकच्या थप्प्या येऊन पडल्या. मग ठेकेदाराची माणसं आली, फक्कीने आखणी झाली, चालायच्या वाटेच्या कडेची माती उकरायला सुरुवात झाली. आणि एवढं सगळं झाल्यावर उद्यान सल्लागार समितीच्या बैठकीचं पत्र निघालं. विषय क्रमांक १ : उद्यानाच्या सुशोभीकरणाबाबत नागरिकांच्या सूचना मागविणे.

डोकं फिरणार नाही तर काय होईल? वर्क ऑर्डर निघालेली, रक्कम ठरलेली, ठेकेदार कामाला लागलेला, आणि आता आम्हाला बोलावून विचारताय की बागेत काय हवं? बैठकीत मी उभं राहून हेच विचारलं. पालिकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, एस्टिमेट मंजूर झालंय, आता त्यात बदल होत नाही. पण तुमची सूचना इतिवृत्तात घेऊ." पुढे ते इतिवृत्त मागून मागून हातात पडलं, तर त्यात लिहिलंय, "उपस्थित नागरिकांनी कामाबाबत समाधान व्यक्त केले." मी त्या खोलीत होते. समाधान कुणीही व्यक्त केलं नव्हतं. एक आजोबा तर रागाने उठून निघून गेले होते. ते कुठे लिहिलंय?

माझं म्हणणं एवढंच आहे : सल्ला घ्यायचा असेल तर एस्टिमेट बनवायच्या आधी घ्या. नंतर घेतलेली ती सही असते, सल्ला नसतो. आमच्या सह्या फाइलला लावून "लोकसहभाग झाला" असं दाखवायचं असेल तर आमच्या संध्याकाळी वाया घालवू नका.

आणि काम तरी कसलं चाललंय बघा. बागेत करंजाची जुनी झाडं आहेत. भर एप्रिलमध्ये त्यांच्याखाली उभं राहिलं की गारवा जाणवतो. लोक बागेत येतात ते त्या सावलीसाठी, कारंज्यासाठी नाही. आता त्या झाडांच्या बुंध्याला भिडवून ब्लॉक बसवतायत, फटींत सिमेंट ओततायत. मी वाकून बघितलं, बोटभरसुद्धा माती उघडी ठेवलेली नाही. पावसाचं पाणी मुरणार कुठून? मुळांना हवा मिळणार कुठून? दिल्लीतल्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, २०१३ सालीच सांगितलंय की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा. एवढी वर्षं झाली त्याला. आमच्या जेईंना, म्हणजे पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यांना, मी हे सांगितलं तर म्हणाले, "तो आदेश दिल्लीचा आहे." झाडाची मुळं दिल्लीत वेगळी असतात का हो? आणि पुढच्या एखाद्या पावसाळ्यात यातलं एक झाड आडवं झालं की हेच लोक "धोकादायक वृक्ष" म्हणून उरलेल्या झाडांच्या फांद्या छाटायला येणार.

खरं तर या राज्यात झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. वृक्ष प्राधिकरण आहे, त्याचे अध्यक्ष खुद्द महापालिका आयुक्त असतात, दर पाच वर्षांनी झाडं मोजायची जबाबदारी त्या प्राधिकरणावर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. आमच्या बागेतली करंजाची झाडं किती वर्षांची आहेत, हे समितीला ठाऊक आहे का? विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. वय माहीत नाही, संख्या माहीत नाही, पण ब्लॉक किती चौरस मीटर बसणार ते मात्र दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत तयार आहे.

समितीत बसतं कोण तेही सांगते. दोन सदस्य असे की त्यांना मी बागेत एकदाही पाहिलेलं नाही. निवडणुकीचं तिकीट कापलं गेलं, नाराज होऊ नयेत म्हणून इथे वर्णी लावली. एकांच्या नातेवाइकांचा नर्सरीचा धंदा आहे. राहिलेले बिचारे चांगले आहेत, पण "साहेब म्हणतील तसं" यापुढे त्यांचं तोंड उघडत नाही. रोज पहाटे फेऱ्या मारणाऱ्या बायका समितीत नाहीत. मुलांना घेऊन येणाऱ्या आया नाहीत. व्हीलचेअरवरून येणारे आजोबा, ज्यांना गेटवरच्या आडव्या दांड्यांमुळे आत शिरता येत नाही, ते नाहीत. आणि बागेतलं सगळ्यात जास्त ज्यांना कळतं ते आमचे माळीकाका, ते तर बैठकीच्या वेळी बाहेर पाइप घेऊन उभे असतात. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, बोअरला उन्हाळ्यात पाणी किती टिकतं, कुठल्या वाफ्याला वाळवी लागते, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना कुणी आत बोलावलं? कायम नोकरीवर असलेले ते शेवटचे माळी. ते निवृत्त झाले की त्यांच्या जागी कुणी येणार नाही, ठेकेदाराची दर काही महिन्यांनी बदलणारी पोरं येतील, आणि त्यांचा पगार वेळेवर झाला नाही की बाग वाळेल. हा विषय कधी पटलावर आला नाही. येतं काय, तर संगीत कारंजं. सेल्फी पॉइंट. नाव कोरलेली कमान.

कायद्याने आम्हाला जागाच नाही असं कुणी सांगू नये. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बागा, उद्यानं, मैदानं हा विषय बाराव्या अनुसूचीत घातला, शहरांच्या हाती दिला. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात हे त्याच दुरुस्तीने सांगितलं. आपल्या महापालिका कायद्यात त्या प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांमधली तीनपर्यंत माणसं घेता येतात. त्यांना चर्चेत बोलता येतं, मत मात्र देता येत नाही. म्हणजे तिथेही बोला आणि गप्प बसा. २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली, मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातल्या कामांवर बोलायचं म्हणून. तुमच्यापैकी कुणाच्या भागात क्षेत्रसभा भरली असेल तर मला जरूर सांगा, मी तरी अशी सभा भरल्याचं अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आणि महापालिकांवर प्रशासक बसले होते त्या काळात तर विचारायलाही कुणी नव्हतं. नगरसेवक नाहीत, सभा नाहीत, थेट फाइल वर जायची आणि मंजूर होऊन यायची. त्या काळात लागलेली सवय नगरसेवक आल्यावरही सुटलेली नाही.

आता गेटचं. यावर मी कितीही लिहिलं तरी माझा राग संपणार नाही. बाग सकाळी १० वाजता बंद होते आणि दुपारी ४ वाजता उघडते. दिवसातलं सगळ्यात कडक ऊन असतं तेव्हा शहरातली सगळ्यात गार जागा कुलूपबंद. एका घरचं काम उरकून दुसऱ्या घरी जायला दोन तास असतात अशा कामवाल्या मावश्या गेटबाहेरच्या फुटपाथवर, कठड्याला टेकून डबा खातात. कठडा तापलेला असतो, म्हणून खाली पिशवी अंथरतात. आत झाडाखालची बाकं रिकामी. पार्सल पोचवणारी पोरं बाइकवरच मान टाकून झोपतात. ज्यांच्या घरात एकच खोली आहे ती परीक्षेची मुलं पुस्तक घेऊन येतात आणि कुलूप बघून परत जातात. मी स्वतः हे सगळं रोज बघते, कारण माझं ऑफिस समोरच्या गल्लीत आहे.

कारण काय देतात? "जोडपी बसतात." बसू द्या की! दोन माणसं बाकावर शेजारी बसून बोलतात यात महापालिकेचं काय नुकसान होतं? "दारू पिणारे येतात." ते तर रात्री कुंपण ओलांडून येतात, तेव्हा तुमचं कुलूप काय करतं? सकाळी बाटल्या माळीकाकाच उचलतात. "साफसफाई करायची असते." सहा तास? "सुरक्षारक्षकाची ड्यूटी दोन पाळ्यांतच आहे." मग तिसरी पाळी द्या. कमानीला जेवढा खर्च होतोय त्यात एका रक्षकाचा किती काळाचा पगार निघेल, याचा हिशोब समितीपुढे ठेवा. मी मागितला, मिळाला नाही. आता माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, बघू.

महिलांच्या स्वच्छतागृहाचं तर बोलायलाच नको, पण बोलते. बांधलंय, टाइल्स लावल्यात, उद्घाटनाची पाटीही आहे. दाराला कुलूप. फटीतून बघितलं तर आत खताच्या गोण्या, रबरी पाइपाची वेटोळी, गवत कापायचं मोडकं मशीन. स्टोअररूम केलीय त्याची. ज्या बायकांना डायबेटीस आहे, ज्यांचं वय झालंय, त्यांनी फेऱ्या अर्ध्यात सोडून घरी जायचं. समितीत हे मी मांडलं तर एक सदस्य हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

मुलांच्या खेळण्यांकडे या. झोपाळ्याची एक साखळी तुटलीय, तिथे नायलॉनची दोरी बांधलीय. घसरगुंडीचा खालचा पत्रा उचकटलाय, त्याची धार माझ्या भाचीच्या पोटरीला लागली. तक्रार केली, ॲपवर फोटो टाकला, दोन दिवसांत "तक्रार निकाली काढण्यात आली" असा मेसेज आला. पत्रा तसाच. आणि पाटी काय म्हणते : चेंडू खेळू नये, सायकल आणू नये, हिरवळीवर बसू नये, झाडावर चढू नये, आरडाओरडा करू नये. मग मुलांनी करायचं काय बागेत? मैदानं आधीच गेली, कुठे पार्किंग झालं, कुठे लग्नाचे मांडव पडतात. मुलगा बॉल घेऊन आला की शिट्टी वाजते. तो घरी जाऊन मोबाइल घेतो आणि मग आपणच म्हणतो की हल्लीची मुलं बाहेर खेळत नाहीत.

पैसे नाहीत हे कारण मला सांगू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेत चालायला जागा उरत नाही एवढं खोदकाम सुरू असतं, कारण ३१ मार्चच्या आत बिलं निघाली पाहिजेत. चांगल्या फरश्या काढून नव्या बसवतात. रंग लावलेल्या बाकांना पुन्हा रंग. साखळी बदलायला मात्र "तरतूद नाही", कारण साखळी बदलली तर तिचं उद्घाटन होत नाही, पाटी लागत नाही. ओपन जिमच्या मशीनवर "यांच्या निधीतून" असं ठळक लिहिलेलं असतं. त्याच मशीनचा बेअरिंग गेला की तो कुणाच्या निधीतून बदलायचा हे कुणालाच माहीत नसतं. देखभालीचा पैसा हा वेगळा आणि पहिला ठेवा, उरलं तर नवीन काम करा. समितीने फक्त एवढा एक आग्रह धरला असता तरी तिच्या असण्याला काही अर्थ होता.

आणि या सगळ्यात खरा घोर मला वेगळाच लागलाय. आमच्या प्रभागात विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित असलेला आणखी एक प्लॉट आहे. आराखडा लागू होऊन १० वर्षं उलटून गेली, पालिकेने तो ताब्यात घेतलेला नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ काय सांगतं? दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होतं. बाग गेली. तिथे टॉवर. केंद्राची शहर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी म्हणतात. आम्ही त्याच्या जवळपासही नाही, आणि जे कागदावर आहे तेही डोळ्यांदेखत निसटतंय. प्लॉटवर आता पत्र्याचं कुंपण पडलंय, रात्री डंपर येतात.

सल्लागार समितीने हा विषय एकदाही घेतलेला नाही. मी लेखी पत्र दिलं, पोच घेतली. अध्यक्ष म्हणाले, "हा विषय नगररचना विभागाचा, आपल्या कक्षेत येत नाही." बाग आपल्या कक्षेत येत नाही? मग तुमच्या कक्षेत येतं तरी काय, कमानीचा रंग? पुढच्या बैठकीत कारंज्याचा विषय बाजूला ठेवा आणि हा घ्या. मालकाची नोटीस आली आहे का, आली असेल तर कोणत्या तारखेला, पालिकेने त्यावर काय केलं, किती मुदत उरली आहे. फाइल टेबलावर ठेवा, नगररचनेच्या अधिकाऱ्याला समोर बसवा, आणि आम्हाला दाराबाहेर नाही, आत खुर्ची द्या.