छत्तीस इंच

निरोप द्यायला येणाऱ्याच्या हातात पेढे असतात, गेला बाजार एखादा नारळ तरी असतो. खालच्या मजल्यावरचे काका परवा आले ते मेजरिंग टेप घेऊन. माझं डोकं अजून निवलेलं नाही.

नोकरी सोडली, वर्षभर हिंडायचं ठरलं, कोथरूडचं भाड्याचं घर रिकामं करायला काढलं. काकांशी आजवरचा संबंध "गाडी जरा आत घ्या" इतपतच. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि थेट माझ्या लोखंडी कपाटापुढे जाऊन उभे राहिले.

"मग, पहिला मुक्काम कुठे?"

"हनोई. व्हिएतनाम."

"वा. टोक धरा जरा."

मी टोक धरलं.

"छत्तीस. व्हिसा?"

"ई-व्हिसा. २०२३ पासून ९० दिवसांचा देतात."

"नव्वद दिवस करणार काय तिथे? उंची बघा."

"अठ्ठ्याहत्तर. नंतर लाओस, मग कंबोडिया. अंगकोर वाट बघायचंय."

"बाराव्या शतकातलं विष्णूमंदिर."

मी भारावलोच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मी कुठे चाललोय यात रस घेत होतं. "हो ना काका! आधी विष्णूचं, मग बौद्धांचं झालं, आणि त्या भिंतींवर समुद्रमंथन..."

"आमच्या कोपऱ्यात पस्तीसच आहेत."

टेप सर्रकन आत गेली.

"एका इंचासाठी अडलं. घेताना विचार करायला हवा होता तुम्ही."

म्हणजे दुकानात जाण्याआधी मी यांच्या बेडरूमचं माप काढायला हवं होतं!

"कोपऱ्यातलं प्लास्टर खरवडलं तर बसेल," काका म्हणाले.

"काका, तसंच न्या. पैसे नकोत."

"छे! फुकट आम्ही कुणाचं घेत नाही. पाचशे देतो. खरवडायचे गवंडी सातशे घेईल. म्हणजे तुमच्याकडून दोनशे."

खरा राग याचा आहे की मी पाकीट शोधायला लागलो होतो.

मित्रांचं तरी वेगळं काय? फर्ग्युसन रस्त्यावर भेटायचं ठरलं. अर्धा वेळ आज सम तारखेचं पार्किंग कुठल्या बाजूला, या वादात गेला. वाद जिंकलेल्याचीच गाडी उचलून नेली. मग सगळे ती सोडवायला. मी एकटा थंड झालेल्या कॉफीपुढे, पाच जणांचं बिल घेऊन.

म्हटलं, माणसं राहू देत, शहराचा निरोप घेऊ. पहाटे वेताळ टेकडीवर गेलो. खाली दिवे विझत होते, घसा जरा दाटून आला होता. तेवढ्यात मागून कानटोपी घातलेले एक गृहस्थ झपझप आले. "मधे उभे राहू नका. चालायचं असेल तर चाला."

उमेदीची सगळी वर्षं इथे घालवली हो! भाडं एकदाही थकवलं नाही. तरी घरमालकांनी रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले. मी राहायला आलो तेव्हाही त्या भिंती पिवळ्याच होत्या.

काल रात्री ग्रुपवर पुढच्या महिन्यातल्या राजगड ट्रेकचा पोल आला. कुणीतरी "अरे, हा नसणार" म्हणून हळहळेल, या आशेने मी मुद्दाम "येणार" वर टिक केलं. मिनिटभरात उत्तर आलं.

"तुझं चुकून दाबलं गेलंय. काढ. बससाठी डोकी मोजायचीत."