आधी हाक मारा

आज सलूनमध्ये डोकं फिरलं. कुणाच्या तरी मोबाईलवर रशियाशेजारच्या एस्टोनिया देशाचा व्हिडिओ चालला होता. १९ सप्टेंबर २०२५ ला रशियाची तीन मिग-३१ विमानं त्यांच्या हद्दीत शिरली आणि बारा मिनिटं राहिली, तो. शेजारच्या खुर्चीतला कॉलेजचा पोरगा म्हणतो, "बारा मिनिटं बघत काय बसले की? शिरलं की पाडायचं!" आणि चार मोठी माणसं माना डोलावतात!

मला आमचा खानापूरकडचा ऊस आठवला. रानडुकरांसाठी आबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका रात्री उसात सळसळ झाली. मी दहा वर्षांचा. "आबा, घाला गोळी!" आबांनी बंदूक धरली, पण आधी ओरडले, "कोण हाय रं?" तीनदा. तिसऱ्यांदा आतून रडका आवाज आला, "काका, मी नानु, नानु!" शेजाऱ्याचा पोरगा. कालवड हुडकत आला होता.

आकाशातही ही हाक आहेच. लढाऊ विमानं उडवायची, घुसलेल्याच्या बाजूला जायचं, रेडिओवर बोलायचं, पंख हलवून खूण करायची, बाहेर काढून द्यायचं. एस्टोनियात नाटोच्या पहाऱ्यावर असलेल्या इटलीच्या एफ-३५ विमानांनी तेच केलं. हे बघत बसणं आहे?

हाक न मारता गोळी घातली की काय होतं? १ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत वैमानिकाने वाट चुकलेलं दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडलं. २६९ माणसं गेली. आणि २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरात बडगामला आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाची सहा माणसं आणि जमिनीवरचा एक. बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाच्या शाळेत शिकणारी निळ्या गणवेशातली पोरं बसस्टँडवर दिसली की मला ते आठवतं. लिहितानासुद्धा हात थांबतो.

कारगिल संपून जेमतेम पंधरा दिवस झाले होते तेव्हा आपण कच्छमध्ये पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे गस्तीचं विमान पाडलं. ती वेळच तशी होती, मान्य.

पण तुर्कस्तान बघा. २०१५ मध्ये त्यांच्याच सांगण्याप्रमाणे १७ सेकंद हद्दीत आलेलं रशियाचं सुखोई पाडलं. मग रशियाने त्यांचा टोमॅटो बंद केला, पर्यटक बंद केले, आणि पुढच्या वर्षी तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांनीच खेद कळवला. टोमॅटो लावणाऱ्याचा काय गुन्हा होता? आपल्याकडचा भाव पडला की घरात काय होतं ते सलूनमधल्या त्या चौघांना ठाऊक आहे.

म्हणजे आबा भित्रे होते का? त्याच शेजाऱ्याने पुढे मुद्दाम म्हशी सोडल्या तेव्हा आबांनी त्या हाकत नेऊन कोंडवाड्यात घातल्या. दंड भरेपर्यंत सोडल्या नाहीत. गावभर सांगितलं. पुन्हापुन्हा, जाणूनबुजून येणाऱ्याला तसंच धरावं, सगळ्या जगासमोर.

तो उसातला पोरगा आता पन्नाशीला आलाय. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. परवाच घरी आला होता, लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन.