शेतकरी कंपनीचा सभासद झालात म्हणून जमीन जात नाही

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या कंपनीत, नाव घातलं की सातबारा अडकतो, कंपनी बुडाली की जमिनीवर टाच येते, कंपनीत भांडवलवाल्याचंच चालतं, बाजार समितीबाहेर माल विकणं गुन्हा आहे आणि एक-दोन एकरवाल्याला कायद्यात जागाच नाही. ज्यांना एकत्र येण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनाच हा मेसेज घरी बसवतो. त्याचा राग येतो म्हणून हे लिहितोय.

आधी जमीन. सभासद होताना तुम्ही शेअर घेता, जमीन देत नाही. नोंदणीकृत दस्त आणि फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. शिवाय महाराष्ट्रात कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. कंपनी बुडालीच, तर सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरच्या न भरलेल्या रकमेपुरती असते. एक गोष्ट मात्र खरीच जपायला हवी. कंपनीच्या कर्जासाठी तुम्ही स्वतः जामीन राहिलात किंवा जमीन तारण दिलीत, तर ती जबाबदारी वेगळी आणि पक्की. असा कागद घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नका.

‘भांडवलवाल्याचंच चालतं’ हा आरोप तर कायद्याच्या गाभ्याशीच विसंगत आहे. अर्थतज्ज्ञ य. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीनंतर कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचा भाग आला आणि २००३ पासून लागू झाला. आज तो २०१३ च्या कायद्यात प्रकरण २१-अ म्हणून आहे. दहा उत्पादक मिळून कंपनी काढू शकतात. सभासद व्यक्ती असतील तर प्रत्येकाला एकच मत, मग शेअर दहा असोत की हजार. हे शेअर खुल्या बाजारात विकता येत नाहीत, आणि उत्पादक नसलेल्या गुंतवणूकदाराला ते घेताच येत नाहीत. ही भिंत किती पक्की आहे ते नाशिकच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीकडे बघा. २०२२ मध्ये युरोपातल्या संस्थांची ३१० कोटींची गुंतवणूक आली, ती मूळ शेतकरी कंपनीत नाही, काढणीपश्चात कामाच्या वेगळ्या कंपनीत.

तरीही काही गावांत पाच-सहा जणच कारभार हाकतात, हे खरं आहे. पण तिथे कमी पडतो तो कायदा नाही, त्याचा वापर. वार्षिक सभेची नोटीस किमान चौदा दिवस आधी, सोबत लेखापरीक्षित ताळेबंद, हा सभासदाचा हक्क आहे. माल देताना भावातली काही रक्कम राखून ठेवली असेल तर तिचा हिशेब, आणि माल दिल्याच्या प्रमाणात मिळणारा बोनस, हे त्याच सभेत विचारायचं. किती सभासद विचारतात?

बाजार समितीबद्दलचा दावा जुना झाला आहे. २००६ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात थेट पणन (शेतकऱ्याकडून थेट खरेदी), खाजगी बाजार आणि करार शेतीची वाट उघडली. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, म्हणजे तिथे बाजार समितीचं बंधन उरलं नाही, आणि अडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तुमच्या भाजीच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत) अजून अडत कापली जात असेल, तर ती पट्टी जपून ठेवा आणि जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा. धान्य-कडधान्यात परवान्याची अट मुळात खरेदीदारावर आहे, आणि थेट पणनाचा परवाना तुमची कंपनीही काढू शकते. भाव पडला असेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहेच: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. पेरणीची उसनवारी फेडायला मातीमोल भावात तूर घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

राहिला सर्वांत बोचणारा मुद्दा: लहान शेतकऱ्याला जागा नाही. देशातले सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले आहेत, आणि हा कायदा त्यांच्यासाठीच लिहिला गेला. त्यात ‘उत्पादक’ म्हणजे प्राथमिक उत्पादनाशी संबंधित काम करणारा कोणीही. जमीन नावावर असावी अशी अट नाही. बटाईने कसणारा, शेळ्या पाळणारी, नवऱ्याच्या नावावरच्या रानात राबणारी बाई, सगळे त्यात बसतात. केंद्राच्या २०२० च्या, दहा हजार शेतकरी कंपन्या उभारण्याच्या योजनेत तर सभासदाच्या भांडवलाला जोड म्हणून माणशी दोन हजारांपर्यंत अनुदान ठेवलं आहे.

मग अडतं कुठे? सभासदत्वाच्या अर्जासोबत सातबारा मागितला जातो तिथे. म्हणून सभासद नोंदणी चालू असेल तर संचालक मंडळाकडून ठराव करून घ्या: सातबारा नसेल तर बटाईचा कागद, दूध संकलनाची पावती किंवा ग्रामपंचायतीचा दाखला चालेल. आणि त्या ठरावाखाली पहिलं नाव घरातल्या बाईचं लागू द्या.