प्रतिक्रियेला उत्तर : ‘ल’ आणि ‘श’साठी एवढा खटाटोप कशाला?

नमस्कार. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत फॉन्ट निवडून देणाऱ्या फॉन्टस्पेक या पॅकेजवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : ओपनटाइपची फीचर्स (अक्षरांची रूपं बदलण्याच्या, फॉन्टमध्येच लिहिलेल्या सूचना) म्हणजे नुसता नटवेपणा, ‘ल’ आणि ‘श’चं वळण वाचक बघत नाहीत, आणि बघत असतील तर मराठी वळणाचा फॉन्ट घ्यावा आणि मोकळं व्हावं, लाटेकमध्ये पर्याय कशाला लिहीत बसायचे?

पहिला आक्षेप रोमन लिपीपुरता एक वेळ चालेल. तिथे एफ आणि आय एकमेकांना जोडले नाहीत म्हणून कुणाचं वाचन अडत नाही. देवनागरीत मात्र रफार, अर्धी अक्षरं, ‘क्ष’, ‘ज्ञ’ हे सगळं फीचर्सच्याच जोरावर उभं राहतं. झीलाटेकमध्ये (लाटेकचाच एक प्रकार) ‘स्क्रिप्ट देवनागरी’ एवढं सांगायचं राहू द्या आणि ‘किल्ला’ छापून बघा : पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाते, ‘ल्ल’चं जोडाक्षर जुळत नाही. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत स्वयंपाकी कोण आणि गुरुजन कोण, हे कागदावर वेगळं दिसतं तेही अर्ध्या रूपांच्या आणि रफाराच्या फीचर्समुळेच.

आता वळणाचं. राज्य शासनाने २०२२ मध्ये वर्णमाला अद्ययावत केली तेव्हा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपं म्हणून दिली. हिंदीचा दंडाचा ‘ल’ वेगळा. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, ‘ल’ एकच आहे, त्याचा क्रमांक ०९३२. त्यामुळे कोणतं रूप दाखवायचं हे संहितेतून कळू शकत नाही, ते भाषेवरून ठरतं. फॉन्टस्पेकमध्ये ‘लँग्वेज मराठी’ म्हटलं की फॉन्टमधलं ‘लोकल’ हे फीचर मराठी रूपं पुढे करतं. वेबपानावर भाषा मराठी असल्याची खूण केली की ब्राउझरही हेच करतो.

‘मराठी वळणाचा फॉन्ट घ्या’ हा तुमचा सल्ला निव्वळ मराठी पुस्तकापुरता अगदी बरोबर आहे, आणि चार पानी पत्रिकेसाठी मीही तेच करीन. पण कबीराच्या दोह्यांवरचं मराठी पुस्तक घ्या. निवेदन मराठी, दोहे हिंदी. दोन फॉन्ट घेतले की शिरोरेषेची जाडी जुळत नाही, मात्रांची उंची जुळत नाही, दोहा आला की ओळींमधलं अंतर डोळ्यांना खटकतं. नोटो सान्स देवनागरीसारखा एकच फॉन्ट घेऊन पॉलिग्लॉसिया या लाटेकच्या बहुभाषी पॅकेजात मराठीसाठी एक आणि हिंदीसाठी एक अशा दोन व्याख्या केल्या की पान एकजिनसी राहतं आणि प्रत्येक भाषेला तिचा ‘ल’ मिळतो. मूळ फाइलमध्ये दोन्हीकडे अक्षर तेच असल्यामुळे शोध आणि सूची यांनाही धक्का लागत नाही. काही ठिकाणी ‘ल’च्या जागी दुसरं चिन्ह हाताने बसवलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. त्या पुढच्या आवृत्तीला कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत, आणि याची मला खरंच चीड येते. इतक्या मेहनतीने जुळवलेली संहिता अशी वाया जाऊ नये.

एक अडचण मात्र खरी आहे. फॉन्टमध्ये मराठीची सोयच नसेल तर फॉन्टस्पेक लॉग फाइलमध्ये एक इशारा लिहून पुढे जातं, काम थांबत नाही. लॉग कुणी उघडत नाही, आणि पर्याय लिहिला म्हणजे काम झालं असं वाटत राहतं. म्हणून नवा फॉन्ट हाती आला की मी आधी एक ओळ छापून बघतो : ‘कल्लोळ, शल्य, कल्पना, निश्चय, विश्व, अवश्य’. सुटा ‘ल’ पाकळीचा आला तरी ‘कल्पना’तला अर्धा ‘ल’ हिंदी वळणाचाच राहिलेला असू शकतो. फॉन्टकाराने सुट्या अक्षरावर थांबून जोडाक्षरं तशीच सोडली की असं होतं. ‘निश्चय’ आणि ‘विश्व’ यांतला अर्धा ‘श’ तर हमखास तपासावा.

तुम्ही लुआलाटेक हा लाटेकचा दुसरा प्रकार वापरत असाल तर फॉन्टच्या व्याख्येत ‘रेंडरर हार्फबझ’ एवढं वाढवा, म्हणजे अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ ही प्रणाली करते. टेक लाइव्ह या लाटेकच्या संचात २०२० च्या आवृत्तीपासून ती सोय आतच आहे. ही ओळ तुमच्या फॉन्टमध्ये छापून बघा आणि कुठलं अक्षर चुकतंय ते इथेच कळवा. दोष फॉन्टचा आहे की व्याख्येचा, ते आपण मिळून शोधू.